खिळ्याला टांगलेला सूर्य

४ जुलै २००४
रुचिताला वर्तुळ काढता येत नाही! मल्टिमीडियाचा कोर्स केलाय म्हणे. आज राजारामपुरीत, माझ्या क्लासच्या मागच्या खोलीत बसून तिनं आमच्या ग्रहाची कक्षा काढली — बटाटा. कंपास आणायला विसरली होती. म्हटलं, कंपास नाही, डोकं विसरलीस. हसली. या पोरीला टोचलेलं कळतच नाही, मग टोचायलाही मजा येत नाही.

पुण्याच्या गेम कंपनीनं नवं जग मागवलंय, खरं खगोलशास्त्र वापरून. शास्त्र माझं, चित्रं हिची. जमलं तर दोघी पुण्याला. नाही जमलं तर मी आहेच अकरावीला घर्षण शिकवायला. आणि तिचे वडील, बाबासोकाका, दिवाळी झाली की तिचं लग्न उरकणार. इचलकरंजीचं स्थळ हेरून ठेवलंय. तिला चित्रं काढायचीत, लग्न नकोय.

११ जुलै
ग्रह ठरला. तारा लाल, खुजा, मंद. ग्रह त्याच्या अगदी जवळ, बारा दिवसांत वर्ष. इतका जवळ की चंद्राची जशी एकच बाजू आपल्याला दिसते, तशी याची एकच बाजू कायम ताऱ्याकडं. त्या बाजूला नुसतं भाजणं, पाठीला नुसता बर्फ. मधे संधिप्रकाशाचा पट्टा, माणसं तिथं. सूर्य क्षितिजावर खिळ्याला टांगल्यासारखा. उगवणं नाही, मावळणं नाही. म्हणजे काल नाही, उद्या नाही, पूर्व-पश्चिम नाही! दिशा दोनच — उजेडाकडं आणि अंधाराकडं. जमिनीलगतचा वारा अंधाराकडून येणार, गारठलेला, कायमचा.

रुचितानं दोन चित्रं आणली. एकात सूर्य वर, दुसऱ्यात अर्धा बुडालेला. एवढं समजावून सांगितलं ते कुठं गेलं? फाडली. तिच्या समोर. क्लासच्या पोरी दारात उभ्या होत्या, त्यांच्यादेखत. तिनं तुकडे गोळा केले.

१ ऑगस्ट
मंगळवार पेठेत तिच्या घरी गेलते. तिची आई, अक्काताई, दिवस मावळला की तोंडात घास घालत नाही. जैनांचं घर, तिथं ते असतंच. साडेसहालाच ताटं झाली. जेवताना मी ग्रह समजावून सांगितला. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमी तिथं कवा जेवायचं?"

मी म्हटलं, काकू, उजेडाच्या बाजूला राहिलात तर दिवसभर चरा, अंधाराच्या बाजूला राहिलात तर जन्मभर उपास. काकूंचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. का, ते कळलं नाही.

रुचिता मात्र भिंतीकडं बघत बसलेली. मग हळूच म्हणते, "ताई, थोडा पण मावळत न्हाय काय गं?"

नाही म्हटलं की नाही!

३ ऑगस्ट
मावळतो.

५ ऑगस्ट
तीनदा करून बघितलं. कक्षा अगदी गोल असेल तरच सूर्य खिळ्याला. थोडी लांबट धरली — तिच्या बटाट्यासारखी — तर ग्रह कधी जोरात पळतो, कधी रेंगाळतो, स्वतःभोवतीची गिरकी मात्र एकाच चालीची. दोन्हींचा मेळ चुकतो आणि पट्ट्यातून बघणाऱ्याला सूर्य सावकाश वर-खाली डुलताना दिसतो. सहा अंश वर, सहा अंश खाली. पट्ट्याच्या मधोमध सहा दिवस सूर्य आहे, सहा दिवस नाही. आपला चंद्रसुद्धा अशी मान हलवतो. एम.एस्सी.ला शिकले होते. विसरले! आणि आठवण कुणी करून दिली, तर जिला वर्तुळ येत नाही तिनं. राग आला. अजून आहे.

तिला एवढंच सांगितलं की मी नव्यानं हिशेब केलाय. तिनं तिथंच बसून चित्र काढलं. सूर्य बुडत आलाय, अख्खं गाव पंगतीला बसलंय, वाढपी पळताहेत, एक बाई उभ्याउभ्या लेकराला भरवतेय. कारण आता सहा दिवस उपास. आमचा खेळ तिथंच सापडला. चित्र फार चांगलं होतं. तिला म्हटलं, चालेल.

३० ऑगस्ट
पाठवलं. "जगाची कल्पना — पवित्रा. चित्रं — रुचिता." मेलचा पत्ता माझा, खाली दोघींच्या घरचे फोन नंबर. तिनं वाचलं. म्हणाली, बरोबर हाय की.

९ ऑक्टोबर
सायबर कॅफेत मेल बघितली. "शास्त्र जाणणारे आमच्याकडे आहेत. पंगतीचं चित्र ज्यांनी काढलं त्यांना पाठवा. जागा एकच आहे. महिनाअखेरपर्यंत कळवा."

पुसली. मग पुसलेल्यातूनही पुसली.

संध्याकाळी रुचितानं विचारलं, काय आलं काय? म्हटलं, नाही. आवाजसुद्धा हलला नाही माझा.

६ नोव्हेंबर
दसऱ्यापासून रुचिता मेलचं विचारत नाही. आशा सोडली असणार. सुटले, रोज रोज खोटं बोलायचा कंटाळा आलता.

२१ नोव्हेंबर
ठरलं. इचलकरंजीच. नवऱ्याचे माग आहेत. रुचिता चित्रांची फाईल घेऊन आली, म्हणाली, ताई, ग्रह तुझ्याकडंच राहू दे. वर एक नवा कंपास ठेवला होता. जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलंही.

१९ डिसेंबर
रुचिताचं लग्न. पंगती ऊन असतानाच. अक्काताईकाकूंनी हाताला धरून मला बसवलं आणि वाढता वाढता, खालच्या आवाजात सांगितलं — "दसऱ्याला पुण्यासनं फोन आलता घरी. हिला एकटीलाच बोलवत हुते. ताई न्हाय तर मी बी न्हाय, म्हणाली. तीनदा फोन केला हिनं, दोघींस्नी घ्या म्हणून. तुला सांगू नको म्हणाली. तुला वाईट वाटंल म्हणून."

माझा हात पानातच राहिला. काकू म्हणाल्या, "जेव की. दिवस हाय अजून."

जेवले.