नुसतं तोंड हलवा

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

नुसतं तोंड हलवा म्हणे! मला! एकतीस वर्षं गातेय मी ह्या मंडळात!

तालीम संपली. सगळे चहाकडे गेले. मी चपलांच्या फळीपाशी वाकून सपाता काढत होते, तेवढ्यात हा काजितानी आला. आमचे जुने सेन्सेई गुडघ्यांमुळे थांबले म्हणून एप्रिलात शहरातून हा नवा मास्तर आणलाय. वय बत्तीस. आधी दोनदा वाकला. मग हळूच — "मुराओसान, एक विनंती होती. बोलायला जड जातंय..."

जड जातंय तर बोलू नको ना बाबा!

पण बोलला. नोव्हेंबरात जिल्ह्याची स्पर्धा आहे. बंदराच्या गाण्यात दुसरं कडवं फक्त खालच्या पट्टीच्या बायकांचं आहे, तिथे सूर जरा डळमळतोय. तर तेवढ्या कडव्याला आवाज न काढता नुसतं तोंड हलवलंत तर... "आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या. तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायला नको."

आणि मी काय म्हटलं? "समजलं. माझ्यामुळे त्रास झाला, माफ करा." वर वाकलेसुद्धा! माफी मी मागितली! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

चहा न घेता घरी आले.

४ ऑक्टोबर

लाँड्रीच्या दुकानात तीन शर्टांच्या कॉलरी जळता जळता राहिल्या. नवरा म्हणाला, "आज इस्त्री जोरात चाललीय." म्हटलं, वाफ जास्त आहे. आमच्या शोझोंना एवढं उत्तर पुरतं. चाळीस वर्षं पुरत आलंय.

त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगणार नाही. काय सांगायचं? की ह्या वयात मला वर्गातल्या ढ मुलीसारखं गप्प केलं?

बंदराचं गाणं! आमच्या हामासेच्या शाळेत रोज सकाळी म्हणायचो आम्ही. शाळा बंद होऊन आठ वर्षं झाली, पण पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही झोपेतून उठवा, तिन्ही कडवी म्हणून दाखवेल. आणि शहरातून आलेला पोरगा मला सांगतो, तुम्ही म्हणू नका!

१० ऑक्टोबर, गुरुवार

हलवलं. तोंड हलवलं. माशासारखं.

कुणाला कळलं? कुणालाही नाही! शेजारी त्सुरुनोसान उभ्या असतात, वय एकोणऐंशी, मंडळात सगळ्यांत थोरल्या. तालमीनंतर मला म्हणतात, "किनुए, आज आपलं छान जमलं, नाही का?" आपलं! मी गातच नव्हते, बाई! एकतीस वर्षं तुमच्या खांद्याला खांदा लावून गायले, आणि माझा आवाज गेलेला तुम्हाला कळू नये?

म्हटलं, "हो, छानच जमलं." चहाबरोबर लोणच्याची एक फोड खाल्ली. खारट होती.

११ ऑक्टोबर

मला वाटतं, ओरिएनेच त्याच्या कानाला लागून हे केलं असणार.

ओरिए निशिगुची. माझ्या डाव्या हाताला असते. नगरपालिकेत होती तेव्हा गावाच्या कर्ण्यावरून रोज पाचला तिचाच आवाज यायचा — मुलांनो, पाच वाजले, घरी जा. अठरा वर्षं सबंध गावाला तिने घरी पाठवलं. आवाज स्वच्छ आहे, नाही कोण म्हणतं? पण ती गाताना डोळे मिटते. ते मला आवडत नाही. आम्ही बाकीच्या काय भिंती आहोत?

आणि मागच्या महिन्यात एकदा माझ्याकडे वळून पाहिलं होतं तिने. मध्येच. गाता गाता! तेव्हा वाटलं, माझ्या कॉलरला धागा आहे. आता कळलं कशाला पाहिलं ते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

खालची पट्टी आज किती बारीक वाटली! अर्थात. मी नव्हते ना त्यात. आता कळेल त्याला. एक माणूस गप्प बसवला की काय होतं ते कळेल!

मास्तर मात्र खूश. "दुसरं कडवं आता स्वच्छ व्हायला लागलंय." स्वच्छ! कपडे धुतोय का हा? ते काम माझं आहे.

१८ ऑक्टोबर

सोडून द्यावं का मंडळ?

सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला होत्या. सकाळी त्या, दिवसभर दुकान, संध्याकाळी पुन्हा त्या. गुरुवारचे दोन तास तेवढे माझे. त्या दोन तासांत मी कुणाची सून नव्हते, कुणाचा डाग काढत नव्हते. चौतीस माणसं एकदम श्वास घेतात आणि त्यातला एक माझा असतो — हे सांगून कुणाला समजायचं नाही. त्या गेल्या तेव्हासुद्धा रडू आलं ते घरी नाही, पुढच्या गुरुवारी, तालमीत. कुणी काही विचारलं नाही. त्सुरुनोसाननी नुसतं पान उलटून दिलं माझं.

हे सोडू? त्याच्यासाठी? मुळीच नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

हद्द झाली! आज दुसऱ्या कडव्याला फक्त ओरिए ऐकू येत होती. फक्त ती! बाकीच्या सहा जणींना पार खाऊन टाकलं तिने. एवढं ओरडायचं? आणि डोळे मिटलेले.

बाहेर सपाता काढताना मला म्हणते, "किनुएसान, तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, ठणठणीत आहे. दात दाखवून हसले. घरी येऊन दात दुखले.

३० ऑक्टोबर

येत्या शनिवारी वृद्ध केंद्रात कार्यक्रम. स्पर्धेआधीची रंगीत तालीम म्हणून मास्तरने ठरवलाय. दरवर्षी जातोच आम्ही तिथे, पण जुन्या सेन्सेईंनी त्याला कधी तालीम म्हटलं नाही. ते म्हणायचे, ह्या लोकांनी आपल्याला लहानपणी ऐकलंय, आता आपण म्हातारे झालो तरी ऐकतायत. नीट गा.

मी तिथेही तोंड हलवणार. उएमोतो आजोबांसमोर! बंदरावरच्या सगळ्या बोटींची इंजिनं ह्यांनी दुरुस्त केलेली. ते पहिल्या रांगेत बसतात आणि ओठांकडे बघतात. त्यांना ऐकू कमी येतं. म्हणजे त्यांना मी गातेय असंच वाटणार. फसवणूकच ना ही? त्यांची?

२ नोव्हेंबर, शनिवार

नीट लिहिते.

केंद्रात पन्नासएक माणसं. काही चाकाच्या खुर्च्यांत, काही पेंगत. पहिली दोन गाणी झाली, टाळ्या मंद. मग बंदराचं गाणं. पहिलं कडवं सगळ्यांनी म्हटलं — लगेच माना वर झाल्या. दुसरं कडवं आलं. मास्तरने आमच्याकडे हात केला. मी तोंड उघडलं. हलवलं.

आवाज नाही.

कुणाचाच नाही! नुसता पियानो. आठ बायका तोंड हलवतायत आणि आवाज नाही! मी डावीकडे पाहिलं — ओरिएचं तोंड हलतंय, डोळे उघडे, चांगले टक्क. उजवीकडे त्सुरुनोसान, त्यांचंही हलतंय. मास्तरचा हात हवेत. चेहरा तांदळासारखा पांढरा. मला वाटलं मीच बहिरी झाले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून उएमोतो आजोबांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला — "पुढे! पुढे म्हणा ना! विसरलात काय?"

आणि मी म्हटलं. पोटातून. एक महिना आत कोंबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. 'जाळी वाळली, वारा पडला' — दुसऱ्या शब्दाला त्सुरुनोसान आल्या, मग बाकीच्या, मग आजोबा, मग ती पेंगणारी बाई, मग सगळेच्या सगळे. एक नर्ससुद्धा ट्रे हातात धरून म्हणत होती. तिसरं कडवंही त्यांनीच उचललं. संपल्यावर आजोबा म्हणाले, "आता कसं!" आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. दोनदा!

मास्तर शेवटी माझ्यापाशी येऊन वाकला. खूप खाली.

बसने परत निघालो. बोगदा गेला, पूल गेला. मग त्सुरुनोसान, खिडकीकडे बघत — "मला वाटलं तुम्ही सगळ्या म्हणताय. मला तर नव्या सेन्सेईंनी तोंड हलवायला सांगितलं होतं."

"मलापण," मागून आवाज.

"तुम्हाला कधी?"

"ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी. चपलांपाशी."

"मलाही चपलांपाशीच!"

सात जणी! सातही जणींना एकेकीला गाठून सांगितलं होतं त्याने — आपल्या दोघांतच राहू द्या. आणि आम्ही सातही जणींनी ठेवलं! लाज वाटली म्हणून! प्रत्येकीला वाटलं बेसूर आपणच तेवढ्या. कसल्या गं बावळट आपण!

राहिली ओरिए. सगळ्या तिच्याकडे वळल्या. तिने घशाला हात लावला. घोगरा, फाटका आवाज — "मला म्हणाले, तुम्ही जरा मोठ्याने गा. महिनाभर मोठ्याने गायले. परवापासून घसा बसलाय. म्हटलं, एक मी नाही गायले तर काय होतंय, सात जणी आहेत ना." मग रडायलाच लागली. "मला वाटायचं, तुम्ही सगळ्या माझ्यावर रागावून हळू गाताय."

रागावले होतेच मी. पण ते बोलले नाही. रुमाल दिला.

३ नोव्हेंबर

आता राग आहे तो खरा राग. मागचा काहीच नव्हता.

हा गावाचा आवाज आहे, त्याच्या चषकाचा नाही! सात बायकांची तोंडं बंद करून आठवीचा घसा फोडला, आणि म्हणे स्वच्छ! शोझोंना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाले, "महिनाभर तू गुरुवारी चिडून यायचीस. एरवी गुरुवारी चिडत नाहीस." एवढंच. पण लक्षात होतं त्यांच्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

बोलले!

सगळ्यांसमोर बोलले. आमच्याकडे असं कुणी करत नाही. चहा ओततात, वाकतात, आणि महिन्याभराने समितीकडून चिठ्ठी जाते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "काजितानी सेन्सेई, चपलांपाशी सांगितलंत ते इथे सांगा."

त्याने सांगितलं, हे मानलं पाहिजे. पियानोची कड हाताने धरून, एकेकीचं नाव घेऊन. पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी "अरेरे" म्हटलं. वरच्या पट्टीच्या बायका खाली बघत होत्या — त्यांच्यातल्याही किती जणींना सांगितलं असेल, कुणास ठाऊक.

मग म्हणाला, "चूक माझी आहे. मी मंडळ सोडतो." वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही.

मी म्हटलं, "सोडा." असं म्हटलं मी. तोंडावर! पुढच्या गुरुवारी समिती निर्णय घेणार. स्पर्धा तर गेलीच. जाऊ दे.

घरी येताना ओरिए बरोबर चालत होती. घसा अजून बसलेलाच. म्हणाली, "मी एकदा गाताना तुमच्याकडे वळून पाहिलं होतं, आठवतं?" म्हटलं, नाही आठवत. तिने विषय सोडला. मीही विचारलं नाही. कशाला? मी जिंकले होते.

९ नोव्हेंबर

गिऱ्हाईकं येऊन म्हणतात, मुराओसान, केंद्रात गाजवलंत म्हणे! उएमोतो आजोबांची सून मुद्दाम कोट टाकायला आली. म्हणाली, आजोबा परत रोज सकाळी म्हणायला लागलेत, तेही सबंध. जेवायच्या टेबलाशी भांडण — दुसरं कडवं कुणी म्हणायचं.

मास्तर दिसला नाही. बरंच आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

केंद्रातल्या नर्सने व्हिडिओ पाठवला. वाफेचं मशीन बंद करून पाहिला. तीनदा.

मी बेसूर आहे. थोडीथोडकी नाही — पियानो एकीकडे, मी पार खाली. आणि माझ्यामागून त्सुरुनोसान, आजोबा, पन्नास माणसं, सगळी माझ्याच सुरात, एकही पियानोबरोबर नाही. आणि काजितानी? दुसऱ्या ओळीला तो पियानोवालीला हात करतो — थांब. पियानो थांबतो. मग तो आमच्याकडे वळून, जिथे मी आहे तिथूनच ताल धरतो, शेवटपर्यंत, रडत रडत. मला पियानो थांबलेलासुद्धा कळला नव्हता.

गुरुवारी जाणार. राजीनामा परत घे म्हणणार. आणि हेही सगळ्यांसमोरच म्हणणार — बेसूर होते तर गप्प कशाला बसवलंस, गाढवा? शिकवायचं होतंस!