घरचा टेपरेकॉर्डर आणि तिची संथ गाणी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, व्यवसाय रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्ती (सध्या बंद), हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी आठ महिन्यांपूर्वी वारली. ती असती तर हे काम मी अजून पुढे ढकलले असते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व स्वयंपाकघर, आणि बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना समान. त्यावरून भांडू नये. भांडायचेच असेल तर आईच्या फोटोसमोर भांडू नये.

२. दुकानातली हत्यारे समोरच्या पंखेवाल्याला द्यावीत. मुलाने राग मानू नये. सोल्डरिंग आयर्नची कोणती बाजू तापते हे त्याला दर वेळी चटका बसल्यावरच कळत आले आहे.

३. मोठे स्पीकर माझ्या धाकट्या भावाला. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्या नव्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. पत्नीला गाण्याचा आग्रह झाला. ज्या गाण्यावर लोक खुर्च्या बाजूला सारून नाचतात, ते तिने तिच्या पद्धतीने म्हटले, मूल झोपवावे तसे, खालच्या पट्टीत. भाऊ म्हणाला, "वहिनी, गाण्याला ताप आलाय का?" सगळे हसले. तिने गाणे पूर्ण केले, पाणी प्यायली आणि त्यानंतर चारचौघांत कधी गायली नाही. फक्त स्वयंपाकघरात, नळ सोडून. भावावरचा राग मी इथे सोडून देत आहे, कारण त्या दिवशी मीही हसलो होतो. शिवाय ते गाणे संथ का, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होते.

४. घरचा टेपरेकॉर्डर मुलीला. याबाबत मला एक गोष्ट कबूल करायची आहे. लग्नानंतर हा टेप मी पत्नीला दिला, तेव्हा त्याचा आतला, चाक फिरवणारा रबरी पट्टा तुटलेला होता. योग्य मापाचा मिळेना, म्हणून दुसऱ्या मॉडेलचा, जरा मोठा, तात्पुरता बसवला. तो सैल असल्याने टेप हळू चाले. दुकानात लोकांची यंत्रे रांगेत असत, घरचे काम राहून गेले. मला आठवण झाली तोपर्यंत ती त्याच टेपवर सगळी गाणी शिकली होती, आणि त्यातल्या एकावर मुलगी झोपू लागली होती. मग मी पट्ट्याला हात लावला नाही, तिला सांगितलेही नाही. रस्त्यावर तेच गाणे खऱ्या वेगात लागले की ती म्हणे, "यांना कसली एवढी घाई?"

आता मुलगी ती गाणी आईसारखीच संथ गाते, तिकीट काढून लोक ऐकायला येतात. ही कल्पना कोणाची, असे विचारले की ती सांगते, आईची. मागच्या महिन्यात तिने मला फोनवर विचारले, "बाबा, आईला हे सुचलं कसं असेल?" मी म्हणालो, "तिलाच विचारायला हवं होतं." मी खोटे बोललो. खरे सांगितले तर ही गाणी तिच्या गळ्यातून जातील, अशी भीती वाटली. पण तिने आयुष्यभर आईच्या नावावर यंत्राचा दोष सांगत फिरावे, हेही मला बरे वाटेना.

५. म्हणून मी मोजमाप केले. नाचाचे ते गाणे खऱ्या वेगात तीन मिनिटे दहा सेकंदांचे आहे. घरच्या टेपवर ते तीन मिनिटे चाळीस सेकंद चालते. पत्नीने शेवटच्या वर्षी म्हटलेले मुलीच्या फोनमध्ये आहे. मुलीने ते मला पूर्वीच पाठवले होते, पण ऐकायचे धाडस होत नव्हते. ते पूर्ण सहा मिनिटांचे आहे. तिन्ही वेळा तीन-तीनदा मोजल्या. दुकानाशेजारचे घड्याळजी स्टॉपवॉच घेऊन समोर बसले होते. ते म्हणाले, "अहो, पुन्हा कशाला? तेवढंच येतंय." मी म्हणालो, "येऊ द्या."

यावरून असे सिद्ध होते की सैल पट्ट्याचा वाटा तीस सेकंदांचा आहे. तो दोष माझा. उरलेली दोन मिनिटे वीस सेकंद कोणत्याही यंत्रातून आलेली नाहीत. ती माझ्या पत्नीची स्वकष्टार्जित मिळकत आहे. तिच्यावर माझा, मुलाचा किंवा भावाचा कसलाही हक्क नाही. ती संपूर्णपणे मुलीकडे जावी.

ठिकाण : राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख : चौदा, सोमवार, सकाळी
लिहून ठेवणार : (सही) रेडिओवाले
साक्षीदार : (सही) डॉक्टर, ज्यांनी तपासले
साक्षीदार : (सही) घड्याळजी. वरील वेळा माझ्यासमोर मोजल्या, बरोबर आहेत.