तमन्नाची मोठी पानं

१० नोव्हेंबर, सोमवार
आजपासून कुणाचाही हेवा करायचा नाही. तसा मी करतही नाही. आपलं लिहून ठेवलेलं बरं.

सकाळच्या मीटिंगमध्ये गुलाबसिंग सरांनी सगळ्यांना तमन्नासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. तमन्ना म्हणजे पुसदहून आलेली नवी पोरगी, कंपनीत धड वर्षही झालं नाही. मी इथला सिनियर सिस्टम अ‍ॅडमिन. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी जिनिंगवाल्यांचं, आलेल्या गाड्यांना नंबराचं टोकन द्यायचं आणि वजनाचं सॉफ्टवेअर चालवते. कापसाच्या सीझनमध्ये आमचा सर्व्हर दरवर्षी रांगतो. हिने कर्नेलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना मेमरी वाटून देणाऱ्या सर्व्हरच्या गाभ्यात, काहीतरी बदललं आणि तो पळायला लागला.
मीही टाळ्या वाजवल्या. हळू.

११ नोव्हेंबर
काय केलं ते तिला सहज विचारलं. उत्सुकता म्हणून नाही, सिनियर म्हणून.
म्हणाली, भाऊ, कर्नेल मेमरी चार-चार केबीच्या बारक्या पानांत वाटते. आपला डेटाबेस मोठा, त्याची लाखो पानं होतात. कोणतं पान कुठं आहे, हे पाहण्यातच प्रोसेसरचा वेळ जाऊन राह्यला होता. मी डेटाबेसपुरती दोन-दोन एमबीची मोठी पानं राखून ठेवली. पानं कमी, शोधाशोध कमी.
मी म्हणालो, ह्यूज पेजेस ना? माहीत आहे. नाव नक्कीच ऐकलं होतं. हे मी मागच्या सीझनलाच करणार होतो, पण तेव्हा मान धरली होती.

१३ नोव्हेंबर
जेवताना उज्ज्वलाला हे सगळं समजावून सांगितलं. बायकोला तरी कळावं की यात विशेष काही नाही. ती म्हणाली, इतकं सोपं होतं तं तुमाले काहून नाही सुचलं?
ताटावरून उठलो. कुणी परत बोलावलं नाही. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उभ्यानेच भाकरी खाल्ली. उज्ज्वला हॉलमधून म्हणाली, त्या पोरीले एखाद्या दिवशी जेवायले बोलवा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
संकल्प. रोज सकाळी एक तास कर्नेलचं डॉक्युमेंटेशन वाचायचं. सोमवारपासून, कारण आठवडा सोमवारी सुरू होतो.

१७ नोव्हेंबर
वाचायला बसलो. दुसऱ्याच परिच्छेदाला दारव्ह्याच्या जिनिंगमधून फोन. मी म्हणालो, बोला. ते म्हणाले, तमन्ना मॅडम नाहीत का?
आता वाचनात लक्ष कसं लागणार?

१९ नोव्हेंबर
सरांनी खिडकीजवळची जागा तमन्नाला दिली. मी ती कितीदा मागितली, हे त्यांना आठवतही नाही. तमन्ना म्हणाली, भाऊ, तुमीच बसा तिथं. मी मोठ्या मनाने नाही म्हणालो. ती खरंच बसली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सापडलं! सेटिंग उघडून पाहिली. तिने एकूण मेमरीच्या जेमतेम पाव भागाची मोठी पानं केली आहेत. भित्री पोरगी. पाव भागात सर्व्हर पळतो, तर जवळजवळ सगळी मेमरी दिली तर उडेल. हे साधं गणित कंपनीत कुणालाच सुचू नये?
डॉक्युमेंटेशन वाचायची आता गरज उरली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार
तमन्ना मामेबहिणीच्या लग्नाला पुसदला. ऑफिस रिकामं. आकडा वाढवला, सर्व्हर रीबूट केला. एक टोकन काढून पाहिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं! आधीही तसंच येत होतं, पण यात एक वेगळाच रुबाब होता.
उद्या मीटिंगमध्ये काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. तमन्नाचाही उल्लेख करीन. शेवटी.

२४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ
नवीन शर्ट.

त्याच दिवशी, दुपार
सर्व्हर बंद. चालू केला की पाच-दहा टोकनं निघतात आणि पुन्हा बंद. जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. बबनराव नावाच्या शेतकऱ्याने गेटवरच्या बोर्डावरचा आमचा नंबर फिरवला. म्हणाले, पहाटपासून गाडी जुंपून आलो, बैलायले पाणी नाही, तुमचं मशीन काय करून राह्यलं? मी म्हणालो, प्रगत बदल सुरू आहेत. त्यांनी जे म्हटलं ते लिहीत नाही.

संध्याकाळ
सरांनी तमन्नाला फोन लावला. लग्नाच्या मांडवातून तिने मोबाइलवर पाहिलं. मग मला वेगळा फोन. म्हणाली, भाऊ, मोठी पानं राखून ठेवली की रिकामी असली तरी बाकीच्या प्रोग्रामले मिळत नाहीत. डेटाबेसनं आपल्यापुरती घेतली, उरलेली नुसती पडून आहेत. टोकनच्या प्रोग्रामले जागाच नाही, म्हणून गर्दी झाली की कर्नेलच त्याले मारून टाकते. मागे बँडवाले जोरात होते. तिने जुना आकडा टाकला, रीबूट केलं. गाड्या हलल्या.
कुणी केलं, हे तिने विचारलं नाही. मी म्हणालो, कर्नेलचा काही भरवसा नसतो. ती म्हणाली, जेवले का भाऊ?

२६ नोव्हेंबर, बुधवार
तमन्ना परतली. सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, हे कोणाचं काम? मी पेनाचं टोपण पाहत होतो. ती उठली आणि म्हणाली, सर, सेटिंग माझीच होती. आकडा वाढवला तं काय होते, हे मी कोणाले समजावून सांगतलं नाही. माझी चूक धरा.
मला वाटलं, आता तिला बोलणी बसतील. सर म्हणाले, याले म्हनते मोठं मन! शिका रे हिच्याकडून!
पुन्हा टाळ्या.
चूक माझी, घाम माझा, शिव्या मी खाल्ल्या, आणि टाळ्या तिला? हा अन्याय सहन करायचा नाही. उद्या सगळं सांगणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सरांच्या केबिनमध्ये गेलो. छाती पुढे काढून सांगितलं, सर, तो आकडा मी वाढवला होता. मी. एकट्याने.
 सरांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, अंकुर, पोरीले वाचवायले आला, चांगला माणूस आहेस तू. पन खोटं काहून बोलतं? कर्नेलमधलं तुले कुठं काय समजते!