गटार आयुक्तपदाच्या उमेदवाराला बहिणीची देणगी

चि. एव्हरेट यास लव्होनाताईचे अनेक आशीर्वाद. इकडे एक गुडघा सोडला तर सगळं ठीक. तुझा खोकला कसा आहे? (लोकांच्या ओट्यावर उभं राहून भाषणं ठोकणं थांबवलंस तर आपोआप बरा होईल.)

तुझं वर्गणीचं पत्र मिळालं. सख्ख्या बहिणीला ‘प्रिय मतदार’ लिहिलंस, ते मी मनावर घेतलंय, पण पैसे त्यामुळे अडले नाहीत. मी कुठंसं वाचलं होतं की देणगी अटीतटीच्या लढतीतच द्यावी. पडणाऱ्याला दिली तर वाया जाते आणि निवडून येणाऱ्याला तिची गरज नसते. तेव्हा गटार आयुक्ताच्या निवडणुकीत तू नेमका कुठं आहेस हे कळल्याशिवाय माझे पन्नास डॉलर हलायचे नाहीत, असं मी ठरवलं.

राजधानीतल्या, लॅन्सिंगच्या एका मतदार-पाहणीवाल्या कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, गव्हर्नरचा कौल आहे, सिनेटचा आहे. गटारांचं कुणी विचारतच नाही हो." "मी विचारतेय ना!" म्हटलं, तर फोनच ठेवला. मग मीच रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीच्या भांड्याशी ठाण मांडलं (तिथून कुणाची सुटका नाही). पण आपल्या मिशिगनच्या माणसांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे साफ विसरले. सगळ्यांनी तुला मत दिलं. मग हार्लन ब्राउवरचं विचारलं, तर वीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या त्या माणसालाही सगळ्यांनीच दिलं. फरक एवढाच, की तुझ्याबद्दल "गुणी मुलगा हो" म्हणून लोक साखर मागायचे, आणि हार्लनला आपापल्या दारातल्या चरावरून पंधरा मिनिटं शिव्या घालायचे. इतक्या हक्कानं ज्याला शिव्या घालतात तोच निवडून येतो, एव्हरेट. त्या दिवशी मला तुझी फार काळजी वाटली.

त्यात मंगळवारी माझ्या तळघरात पाणी शिरलं. तुझ्या प्रचार कचेरीला फोन लावला, तर तुझाच भरून ठेवलेला आवाज: मदत द्यायची असल्यास एक दाबा. मदत हवी असल्यास काय दाबायचं ते काही सांगितलं नाहीस. शेवटी हार्लनला बोलावलं. तो पंप घेऊन, मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून स्वतः आला. तो पाण्यात उभा असतानाच मी त्याचाही कौल घेऊन टाकला.

तेव्हा देणगीचं तूर्त राहू दे. राग मानू नकोस.

तुझी,
लव्होनाताई

ता. क. हार्लन काय म्हणाला ते लिहायचं राहिलंच. "लव्होना, माझे गुडघे गेले गं. टपालानं मत पाठवून दिलं मी, एव्हरेटला. आमच्या हिला सांगू नकोस, तिनं अंगणभर माझ्या नावाच्या पाट्या रोवल्यात." एवढ्या कौलात हे एकच मत मला खरं वाटतं. म्हणजे लढत अटीतटीची आहे. चेक सोबत जोडलाय.

आणखी ता. क. चेकच्या पैशांतून पाट्या छापू नकोस. हार्लनसारखे रबरी बूट घे आणि शनिवारी ये. हार्लनचा पंप बंद पडलाय, पाणी दुसऱ्या पायरीवर आहे, आणि वसंत ऋतूपासून तू इकडे फिरकलेला नाहीस. त्या दिवशी फोनवर तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. म्हणून मी पुन्हा एकदा लावला होता.