किरमिजी पायपिंग

प्रिय धाकट्या,

रविवार, नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण तू माझ्या गाडीच्या दारात वाकलास तेव्हा मी मैदानावरच्या घड्याळाकडेच बघत होते. तू सीटवरून बोट फिरवलंस, हातातल्या जाडजूड पुस्तकात पाहिलंस आणि जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या बाकीच्या तिघा परीक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिलास. इंजिन मूळचं, दिवे मूळचे, टपाचं कापडसुद्धा मूळचं, पण सीट फॅक्टरीच्या नाहीत. कॅटलॉगात काळ्या सीटच्या कडांना पांढरी पायपिंग आहे आणि हिला किरमिजी, तेव्हा बाहेर कुठेतरी शिवून घेतलेल्या दिसतात. वर हसून पुस्ती जोडलीस, की आमच्या भावोजींना हौस भारी होती.

तुझ्या भावोजींना, माझ्या नवऱ्याला, जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना उलट उत्तर देता येत नाही, म्हणून मी देते.

फॅक्टरीच्या रंगखात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. गाडीच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमलंच नसतं. साखर किती खाल्ली एवढ्यापुरतं जमायचं. ही दोन सीटांची गाडी त्यांना भंगारवाल्याच्या आवारात दिसली, एका बाजूला कलंडलेली. बॉनेट उघडायच्या आधी ते आत डोकावले, किरमिजी पायपिंग बघितली आणि तडक मला न्यायला घरी आले. हाताचं पीठ धुवायलाही दिलं नाही.

कारण तुझ्या पुस्तकात जे नाही ते त्यांना ठाऊक होतं. ही गाडी बनली त्या वर्षी पांढऱ्या पायपिंगचा गठ्ठा आला तो पिवळा पडलेला. गाड्या तर थांबवायच्या नव्हत्या, म्हणून मोठ्या मोटारींसाठी आणलेली किरमिजी वापरा, असा सुपरवायझरने तोंडी हुकूम दिला. नवा गठ्ठा येईपर्यंत नऊ दिवस गेले आणि चौदा गाड्या तशाच बाहेर पडल्या. कागद कोणी केला नाही. पुस्तकवाले कॅटलॉग बघून लिहितात आणि कॅटलॉगातले फोटो काढतात पहिल्या एका गाडीचे. पुढच्या गाड्यांना काय काय सोसावं लागलं ते फोटोत येत नाही.

परवा फोनवर तू मोठ्या मायेने सल्ला दिलास, की ताई, पांढरी पायपिंग लावून घे, पुढच्या वर्षी मीच पास करतो. म्हणजे खरं उसवायचं, खोटं शिवायचं आणि मग तू त्यावर खरं म्हणून शिक्का मारणार. मी ती काढणार नाही. गाडी तुमच्या मैदानावर पुन्हा आली नाही तरी चालेल. भाजी आणायला नेईन.

आता पुरावा. ड्रायव्हरच्या सीटखालचे चार स्क्रू काढ आणि सीट उलटी कर. शिवणखात्यात रीत होती, की जिने सीट शिवली तिने खालच्या कापडावर शाईने आपला कार्ड नंबर आणि तारीख लिहायची. तिथे १७७ लिहिलेलं आहे, इंग्रजी आकड्यांत, आणि दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने हातावर पट्टी मारून शिकवलेला सात तो. सगळ्या शिवणखात्यात तसा सात एकीचाच होता. पुढे तिने तो तिच्या धाकट्या भावालाही शिकवला. रविवारच्या अहवालात तू माझ्या गाडीचा क्रमांक सत्तावीस लिहिलास, त्या साताच्या पोटात बघ.

तुझ्या भावोजींनी गाडी घरी आणल्यावर ती सीट उलटी केली होती. नंतर दिवसभर ते मला नावाने हाक मारेनात, एकशे सत्त्याहत्तर म्हणत होते.

तुला फक्त एका बाईला विचारायचं होतं आणि ती तुझ्यापासून दोन हातांवर उभी होती. पण विचारणार कसा? पाच मिनिटांपूर्वी त्याच तिघांना तू माझी ओळख करून दिली होतीस, की ही माझी ताई, फॅक्टरीच्या ऑफिसात होती. चाळीस वर्षं तू हेच सांगतोस. पहिल्यांदा सांगितलंस तुझ्या सासऱ्यांना, तुझं लग्न ठरत होतं तेव्हा. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बहीण मशीनवर बसते म्हणायला तुझी जीभ अडली, आणि मीही मान डोलावली. ती माझी चूक. रविवारी गप्प राहिले ती दुसरी. तिसरी होणार नाही.

म्हणून हे पत्र. मला शिक्का नको, बक्षिसाची ढाल नको. अहवाल दुरुस्त कर आणि त्यात तुझ्या अक्षरात लिही: सीट फॅक्टरीच्याच, शिवणारी कामगार कार्ड नंबर १७७, माझी थोरली बहीण. त्या तिघांच्या सह्या घे आणि प्रत मला पाठव, शुक्रवार, अठ्ठावीस फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. लेखीच हवं. फोन करू नकोस, फोनवर तू फार गोड बोलतोस.

तुझीच, ऑफिसात कधीही नसलेली,
ताई