तू पुण्याला आलीस तेव्हा

माय, तू जाऊन बरीच वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहायचा कंटाळा, त्यामुळं आपल्यात कागदाचा व्यवहार कधी झालाच नाही. पण परवा पेडगावची एक बाई माझ्याकडं आली. तिनं जे विचारलं, त्यानं तू दिवसभर डोळ्यांपुढून हलली नाहीस. म्हणून आज बसलोय.

पिंगळीच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आपली पिठाची गिरणी. तुझ्या भुवयांवर सदा पीठ. मी मिसरूड फुटायच्या आधीच ज्वारीचा भरला कट्टा सहज उचलायचो आणि तू गिऱ्हाइकांना सांगायचीस, "ह्याच्या भाकरी करू करू माझा तवा झिजायलाय." परभणीच्या कॉलेजात खेळाच्या सरांनी माझे हात बघितले आणि त्यांवर बॉक्सिंगचे ग्लोव्हज चढवले. पुढं पुण्यात राहून मी पैशासाठी लढणारा बॉक्सर व्हायचं ठरवलं. ते सांगायला आलो तेव्हा तू चाळण झाडत होतीस.

"मारायचे पैसे देतेत व्हय लोकं?"

"देतात."

"आन मार खायचे?"

"त्याचेही देतात."

तू चाळण झाडत राहिलीस. मग म्हणालीस, "म्हंजे समोरच्याचं पोट बी त्याच्यावरच हाय."

आपल्या देशात हेवीवेट म्हणजे सगळ्यात वरच्या वजनाचे बॉक्सर मोजकेच. तेच ते चार चेहरे पुन्हा पुन्हा समोर यायचे. त्यातला एक हरियाणाचा. आमचा सराव एकाच हॉलमध्ये, जेवण एकाच खानावळीत. तो माझ्या ताटातली भाकरी उचलून बघायचा आणि विचारायचा, हे खातात की अंथरतात. त्याच्याशी मी आधी दोनदा लढलो होतो, एकदा तो जिंकला, एकदा मी. तिसऱ्या वेळी पुण्यात माझा उजवा हात त्याच्या कानशिलावर बसला. तो पडताना मला कळलं की ही पडायची रीत वेगळी आहे. पंच आकडे मोजायचे थांबले आणि त्यांनी हातानं डॉक्टरला बोलावलं. लोक माझ्या नावानं ओरडत होते. मी कोपऱ्यात ग्लोव्हज तसेच घालून उभा.

त्याच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण तो डोळे उघडेना. मी तुला फोन करून एवढंच म्हणालो, माय, मी आता लढणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या जिन्यावरून तू वर येताना दिसलीस. गिरणीला कुलूप लावून, एकटी, गाडी धरून आलेली. हातात धपाट्यांचं गाठोडं. माझ्याकडं न येता तू सरळ त्याच्या आईपाशी गेलीस. ती माउली कालपासून बाकावर बसून होती, पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तुमची ओळख नाही. तुझी परभणीची दखनी हिंदी, तिची हरियाणवी. तू तिच्या शेजारी बसून गाठोडं सोडलंस आणि म्हणालीस, "थोडा खाव बहन. वो उठेगा तो उसको कौन देखेगा?" ती तुझ्याकडं बघत राहिली. तिला ठाऊक होतं तू कुणाची आई ते. मग तिनं तुकडा मोडला आणि आधी तुझ्या हातावर ठेवला.

नंतर तू मला खाली चहाच्या टपरीवर नेलंस. मी पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा तुझा आवाज चढला नाही, पण तसं तू मला कधीच बोलली नव्हतीस.

"जिवावर आलं म्हणून सोडायचं आसंल तर खुशाल सोड. पण ह्याच्या नावावर सोडू नको. उद्या ह्यो उठून बसंल आन त्याला कळंल, आपल्यापायी दोस्ताची भाकर गेली. आधीच लय दुखायलंय त्याला. आनखी हे कशाला?"

तो उठला, माय. तू तिथंच होतीस. डोळे उघडल्यावर त्यानं पहिलं विचारलं, फेरी संपल्याची घंटा झाली होती का. त्याची आई हसली आणि तू पदर तोंडाला लावलास.

मी परत लढलो. देशाचा किताब मिळाला तेव्हा तू नव्हतीस. बँकॉकला दोनदा हरलो, एकदा जबडा मोडून. डावा हात आता थंडीत मिटत नाही. एके दिवशी कळलं की पाय उशिरा हलायलेत, तेव्हा आपणहून थांबलो आणि परभणीला येऊन मुलांना शिकवायला लागलो. तो हरियाणाचा दोस्तही हिवाळ्यात महिना-दीड महिना येतो. त्याचा एक पाय किंचित ओढतो, बोलणं संथ झालंय. पण पोरांच्या चुका त्याला माझ्याआधी दिसतात. भाकरीबद्दल त्याचं मत अजून तेच.

पेडगावची ती बाई तिच्या मुलीसाठी आली होती. पोरगी उंच, थोराड, माझ्याकडं तीन वर्षं शिकतेय. पुढच्या महिन्यात तिची पहिली व्यावसायिक लढत आहे. आईनं विचारलं, "हिला काई झालं तर?" काही होत नाही, असं मी सांगू शकलो असतो. पण तो शेजारीच बसला होता. त्यानं स्वतःची टोपी काढून डोक्यावरची खूण दाखवली आणि आम्ही दोघांनी तिला सगळं सांगितलं, तुझ्यासकट. आता काय काय तपासण्या करतो, लढत कधी थांबवतो, तेही सांगितलं. बाईनं ती खूण पुन्हा एकदा नीट बघितली. मग पोरीला म्हणाली, "लढ. पण मी येणार. आन मला पुढं बसायला जागा पायजे." पोरगी अजून हवेत आहे.

हा कागद टपालात टाकायचा नाही, ठाऊक आहे. लोक विचारतात, त्या प्रसंगानंतर परत रिंगणात उतरायची हिंमत कुठून आणली. मी कष्ट, जिद्द, असलं काहीतरी सांगून मोकळा होतो. खरं म्हणजे, माय, हिंमत वगैरे काही नव्हती. त्याच्या नावावर सोडलं असतं तर पिंगळीला येऊन तुझ्यासमोर जेवायला बसावं लागलं असतं, त्याची मला जास्त भीती वाटली.