आजो भियालो, त्या पानाबद्दल

टीचर, परवा तळेऱ्याच्या शाळेत मी मुलांना तुमचं पुस्तक वाचून दाखवलं. माझ्या आजोबांवर तुम्ही लिहिलेलं, मुलांसाठीचं. मसुऱ्याजवळच्या आमच्या गावात ज्या सार्वजनिक विहिरीवर आमच्या जातीला बंदी होती, तिथे आमच्या वाडीतून पहिली कळशी घेऊन गेलेला माणूस. तुमच्याआधी त्यांच्यावर भाषणं खूप झाली होती. सगळ्या भाषणांत ते वाघ होते. आजीने मात्र तुम्हाला चुलीपाशी बसवून सांगितलं, "माझो घोव भियालो होतो. तां लिवा, टीचर."

मी सातवीत होते, आजीला टेकून ऐकत होते. विहिरीवर आजोबांना वल्ह्यांनी मारलं. दोघांनी मानेला धरून तोंड काठाच्या चिऱ्यावर आपटलं, दात पाण्यात पडले. ते पळाले. खाडीकाठच्या चिखलात रात्रभर लपून राहिले, भीतीने धोतर ओलं झालं. सकाळी सुजलेल्या तोंडाने घरी आले, रिकामी कळशी उचलली आणि परत विहिरीवर गेले. तुम्ही यातलं काहीच गाळलं नाहीत.

काका चिडला. आमच्या अंगणात तुमच्यावर ओरडला, "माझ्या बापाशीक भित्रो म्हणतास? ता पान काढा." तुम्ही शांतपणे म्हणालात, "न भिता गेले असते तर त्यात मोठं काय होतं?" त्याने तुमच्या पुढ्यातला चहा लाथेने उडवला. पुस्तक निघालं त्या दिवशी तो शाळेत आला तो फाटकाजवळच उभा राहिला, हाताची घडी घालून.

आणि ते आले. विहिरीवर मारणाऱ्यांची नातवंडं, हातांत वल्ही आणि बांबू. पुस्तकात एकाचंही नाव नव्हतं, तरी गावाला घराणं माहीत होतं. "खंय आसत ती पुस्तकां? आमच्या घराण्याची बदनामी करतास?" मी बाकाखाली शिरते. एक जण तुमचे केस मुठीत धरून व्हरांड्यातून ओढतो, पायरीवर तुमचं कपाळ फुटतं, पांढऱ्या साडीवर रक्त पसरत जातं. दुसरा पुस्तकांवर रॉकेल ओततो. तुमच्या पाठीवर बांबू पडतो, पुन्हा पडतो, आणि मग फाटकाजवळून काका धावत येतो. तो कुणाला मारत नाही. तुमच्या अंगावर पालथा पडतो. त्याचा हात मोडला तो आवाज मी ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. काका लहान मुलासारखा रडत होता, पण तुमच्यावरून उठला नाही.

दवाखान्यात तुमच्या डोक्याला पट्टी, त्याचा हात प्लास्टरमध्ये. तुम्ही त्याच्या खाटेपाशी गेलात. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "टीचर, ता पान रवांदे."

पोलिसांनी दोन्ही बाजूंची समजूत घालून प्रकरण मिटवलं. मारणाऱ्यांपैकी एकालाही काही झालं नाही. तुमची बदली झाली, डोकं कायम दुखत राहिलं, आणि दोन पावसाळ्यांनंतर तुम्ही गेलात. पुस्तक पुन्हा छापलं ते काकाने, त्या पानासकट. परवा एका मुलीने विचारलं, "आजोबा खरंच घाबरले होते?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग मला आवडले."

टीचर, आता मी मुलांसाठी तुमच्यावर लिहिते आहे. व्हरांड्याचा भाग लिहून झाला. त्यात तुम्ही तोंडातून आवाज काढत नाही, मार खाता आणि त्यांच्या डोळ्यांत बघता. वाचणाऱ्यांना फार आवडतो. पण बाकाखालून मी ऐकलं होतं. तुम्ही हात जोडले होते. "सायबिणी गो," म्हणून मेरीमातेला हाक मारत किंचाळला होतात. "मारू नका, मी स्वतः जाळते पुस्तकं," म्हणाला होतात.

ते वाक्य माझ्याच्याने अजून लिहवत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिलं.